सात मीटर आणि अकरा वर्षे



नाशिकच्या गंगापूर रोडला एक मॅरेथॉन चौक आहे. धावण्याच्या शर्यतीचे नाव मिरवणारा चौक आम्ही तरी दुसऱ्या गावी पाहिलेला नाही. पहाटे अशोक स्तंभाकडून आनंदवलीच्या बाजूला निघालात तर पळणारी पोरे-पोरी भेटतात. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 साली आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरचे रौप्यपदक आणले, तेव्हापासून इथल्या आईबापांनाही वाटते की पोरगी पळते आहे तर पळू द्यावी. चांगले आहे.

आज मात्र धावणाऱ्यांविषयी लिहायचे नाही. ज्या खेळात खेळाडू जागचा हलत नाही, पट्ट्यांनी खुर्चीला बांधून घेतो आणि फक्त हाताच्या, छातीच्या व जिद्दीच्या बळावर लोखंडी गोळा पुढे लोटतो, त्या खेळाविषयी लिहायचे आहे. आणि त्या खेळात नाव काढलेल्या एका मराठी बाईविषयी. पण त्याआधी आमचा एक कमीपणा कबूल केला पाहिजे.

आमची एक भाची आहे. 2016 साली रिक्षाच्या अपघातात तिच्या पाठीच्या कण्याला मार बसला. वय होते एकोणीस. तेव्हापासून कमरेखाली शक्ती नाही. आमचा मेव्हणा सातपूरच्या कारखान्यात कामाला, बहीण गंगापूर रोडच्या बंगल्यांत धुणीभांडी करते. घर म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. आम्ही पडलो कारकून माणूस, कागदपत्रांचे काम आम्हाला येते. त्यामुळे भाचीचे सगळे कागद आम्हीच केले. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, कार्ड, निराधार योजनेचा अर्ज, एसटीची सवलत. एका कार्यालयात लिफ्ट बंद होती आणि साहेब दुसऱ्या मजल्यावर. आम्ही तिला पाठीवर घेऊन जिना चढलो. वर गेल्यावर साहेब म्हणाले, उद्या या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठीवर घेतले. ही हकीकत आम्ही चार ठिकाणी भाषणात सांगितलीही आहे, लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

28 ऑगस्ट 2024 च्या रात्री बहिणीकडे होतो. पॅरिसच्या पॅरालिम्पिकचे उद्घाटन टीव्हीवर लागले होते. आपल्या देशाचे पथक आले. झेंडा दोघांच्या हाती होता. एक भालाफेकपटू सुमित अंतिल, आणि दुसऱ्या चाकाच्या खुर्चीतल्या एक बाई. भाची एकदम म्हणाली,

"मामा, ह्या आपल्या नांदेडच्या आहेत. भाग्यश्री जाधव. गोळा फेकतात."

आम्ही म्हटले, "वा, वा."

थोडा वेळ ती गप्प राहिली. मग टीव्हीवरची नजर न काढता बोलली, "मामा, तुम्ही मला सगळ्या ऑफिसांत नेलं. मैदानावर कधी नेलं नाही."

आमच्याकडे उत्तर नव्हते. आठ वर्षांत तो विचारच आमच्या डोक्यात आला नव्हता. प्रमाणपत्र मिळाले, पैसे चालू झाले, आपले काम झाले असे आम्ही समजून चाललो होतो.

भाग्यश्री महावराव जाधव यांची माहिती मग आम्ही मिळवून वाचली, ती वाचकांपुढे ठेवतो. त्यांचे गाव नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यातील होनवडज. जन्म 1985 चा. 2006 साली विषबाधा होऊन त्या कोमात गेल्या. जीव वाचला, पण पायांतले बळ गेले आणि चाकाची खुर्ची आली. वय एकवीस. त्यांनी खेळाच्या मैदानात पाऊल टाकले ते 2017 साली, म्हणजे वयाच्या बत्तिसाव्या वर्षी.

मधली अकरा वर्षे कुठे गेली, हा हिशेब कोणत्याही निकालपत्रकात लिहिलेला नसतो. आम्ही मात्र हिशेबाची माणसे. 2006 ते 2017, अकरा वर्षे. आमच्या भाचीची तोपर्यंत आठ झाली होती. तरुण वयातली अकरा वर्षे घरात काढायची, येणाऱ्या-जाणाऱ्याने "अरेरे" म्हणायचे, आणि आपले पुढे काय हे कोणी विचारायचेच नाही. याला काय म्हणतात ते ज्यांच्या घरात असे माणूस आहे त्यांनाच कळेल.

मैदानात आल्यावर त्यांनी उशीर केला नाही. चार वर्षांत त्या टोकियोला होत्या. तिथे त्यांचा गोळा 7 मीटर गेला आणि सातवा क्रमांक आला. ऑक्टोबर 2023 मध्ये चीनच्या हांगझोऊ शहरात आशियाई पॅरा स्पर्धा झाल्या. त्यात 7.54 मीटर फेक करून त्यांनी रौप्यपदक घेतले. मे 2024 मध्ये जपानमधील कोबे येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत 7.56 मीटर, पुन्हा रौप्य. त्यानंतर तीन महिन्यांनी पॅरिस. तिथे देशाचा झेंडा हाती आला आणि एफ-34 गटात 7.28 मीटरवर पाचवा क्रमांक. त्या गटात चीनच्या झोऊ लिजुआन यांनी 9.14 मीटर फेकून सुवर्ण नेले.

हे आकडे नीट पाहा. 7.00, 7.54, 7.56, 7.28. टोकियो ते कोबे, जवळजवळ तीन वर्षांची मेहनत, आणि वाढ किती? छप्पन्न सेंटिमीटर. आपल्या हातातली वीत दोन-अडीच वेळा ठेवली तर एवढे अंतर भरेल. हांगझोऊ ते कोबे तर दोनच सेंटिमीटर, म्हणजे बोटभर. आणि पॅरिसला पदकाची आशा असताना स्वतःच्याच आकड्यापेक्षा अठ्ठावीस सेंटिमीटर मागे. खेळाडूचे आयुष्य असे असते. वर्तमानपत्र एक दिवस मोठा फोटो छापते. बाकीचे दिवस सेंटिमीटरचे.

बऱ्याच वाचकांनी हा खेळ बसून कसा खेळतात ते पाहिले नसेल, म्हणून थोडे सांगतो. आपण मराठीत गोळाफेक म्हणतो, पण नियमाने गोळा चेंडूसारखा फेकता येत नाही. हनुवटीजवळ, मानेला टेकवून धरायचा आणि एका हाताने खांद्यावरून लोटायचा. हात खांद्याच्या मागे किंवा खाली गेला की ती फेक बाद. उभ्याने खेळणाऱ्या मोठ्या स्त्रियांचा गोळा चार किलोचा असतो. ती खेळाडू वर्तुळात सरकत किंवा गिरकी घेत येते, तेव्हा पायातला, मांडीतला सगळा जोर गोळ्याला मिळतो.

बसून खेळणाऱ्या बाईला तो जोर नाही. तिचा गोळा एफ-34 गटात तीन किलोचा. तिच्यासाठी लोखंडी बैठक असते, उंची जास्तीत जास्त पंचाहत्तर सेंटिमीटर. ही बैठक जमिनीला पट्ट्यांनी ताणून बांधतात, म्हणजे फेकताना मागे सरकत नाही. मग खेळाडूला बैठकीला बांधतात. समोर किंवा बाजूला धरायला एक दांडा लावता येतो. एका हाताने दांडा ओढायचा, दुसऱ्याने गोळा लोटायचा. बैठकीवरून अंग उचलले गेले तर फेक बाद. एवढ्या खटाटोपाने बांधून बसवलेल्या खेळाडूला दर फेकीला उठवणे शक्य नसते, म्हणून ती आपल्या सगळ्या फेकी एकापाठोपाठ एक करते. उभ्याने खेळणाऱ्याला दोन फेकींच्या मध्ये दम खायला मिळतो, इथे फारसा मिळत नाही.

आणि एफ-34 म्हणजे काय? एफ हे अक्षर मैदानी फेकीच्या खेळांचे. पुढचा आकडा अपंगत्वाचा प्रकार आणि प्रमाण सांगतो. तिशीतले आकडे स्नायूंचा ताठरपणा व हालचालींवर ताबा नसणे अशांसाठी, पन्नाशीतले बहुतेक पाठीचा कणा दुखावलेल्यांसाठी व पाय गमावलेल्यांसाठी. तपासणी करून गट ठरवतात, म्हणजे बरोबरीच्याशी बरोबरीचा सामना होतो. ज्याला जेवढी अडचण त्याला तेवढी मोकळीक, हे तत्त्व आपल्याला नवे नाही. समान संधी म्हणजे सगळ्यांना एकच माप लावणे नव्हे, हे आपल्याकडे लहान पोरालाही सांगता येते.

या वाटेने आधी गेलेली माणसेही मराठी मुलखाशी जोडलेली आहेत. सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. 1972 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण. त्यानंतर भारतीय स्त्रीच्या गळ्यात पॅरालिम्पिकचे पहिले पदक पडायला किती वर्षे लागली? चव्वेचाळीस.

ते पदक गोळाफेकीचेच होते. 12 सप्टेंबर 2016 रोजी रिओ शहरात दीपा मलिक यांनी एफ-53 गटात 4.61 मीटर गोळा टाकून रौप्यपदक घेतले. त्या मूळ हरियाणाच्या, पण सैनिकाची पत्नी म्हणून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, राहिल्या. तिथे त्यांनी खानावळ चालवली आणि सुरुवातीला महाराष्ट्राकडून खेळल्या. 1999 साली मणक्यातल्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर छातीखालचे अंग गेले. दोन मुलींची आई. खेळ सुरू केला छत्तिसाव्या वर्षी, पदक मिळाले पंचेचाळिसाव्या वर्षी. 2019 साली त्यांना खेलरत्न मिळाले. "आता या वयात काय" असे म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे पाठ करावेत.

या चळवळीची सुरुवातही रुग्णालयाच्या आवारातच झाली. डॉ. लुडविग गटमन हे ज्यू डॉक्टर. हिटलरच्या छळामुळे जर्मनी सोडून इंग्लंडला आले. तिथे स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात कणा दुखावलेले सैनिक त्यांच्याकडे होते. तेव्हाची समजूत अशी की असे रुग्ण पडूनच राहायचे. गटमन यांनी त्यांना खेळायला लावले. 29 जुलै 1948, लंडनचे ऑलिम्पिक सुरू झाले त्याच दिवशी, त्यांनी सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. त्या सोळांत दोन स्त्रिया होत्या. ज्याला स्वतःला देशातून हाकलले गेले त्याने दुसऱ्यांना खाटेवरून उठवले. दार बंद असणे म्हणजे काय हे ज्याला ठाऊक, तो दुसऱ्याचे दार उघडायला जातो.

आता पुन्हा गंगापूर रोडला येऊ. त्या रात्रीनंतरच्या रविवारी आम्ही भाचीला घेऊन एका मैदानावर गेलो. बहीण नको म्हणत होती. "पोरीला उन्हात नेऊन काय करणार आता? लोकं बघत बसतील." आम्ही म्हटले, बघू देत.

लोकांचा त्रास झाला नाही. त्रास झाला पायरीचा. फाटकातच वीतभर उंचीची पायरी. पहाटे पळायला आलेल्या दोन पोरांनी खुर्ची उचलून आत घेतली. वस्तीतले एक शिक्षक, शाळेत खेळ शिकवतात, त्यांनी तीन किलोचा गोळा आणला. भाचीला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवले. तिने जोर लावला आणि गोळा पुढे जायच्या ऐवजी खुर्चीच मागे कलंडली. आम्ही धरली म्हणून बरे. आमच्या पोटात गोळा आला, आणि ती हसत होती. आठ वर्षांत आम्ही तिला असे मोठ्याने हसताना पाहिले नव्हते.

मेव्हण्याने मग कारखान्यातल्या वेल्डिंगवाल्या मित्राला सांगितले. त्याने भंगारातले अँगल घेऊन बैठक करून दिली, पुढे धरायला दांडा लावला. मजुरी घेतली नाही. म्हणाला, पोरीने फेकलं की मला बोलवा. घरी सरावाला किराणा दुकानातले दोन किलोचे लोखंडी वजन आणले. बहीण पोळ्या लाटते तेव्हा ही भिंतीशी बसून ते वजन खाली-वर करते.

पण सगळ्यात मोठी अडचण वेगळीच निघाली. ती सांगायला संकोच वाटतो, तरी हे घरातल्यांसाठीचे पान आहे, इथे नाही सांगायचे तर कुठे सांगायचे? ज्या दिवशी मैदानावर जायचे त्या दिवशी ही पोरगी सकाळपासून पाणी पीत नाही, हे आम्हाला महिनाभराने कळले. कारण मैदानावरच्या संडासात चाकाची खुर्ची जात नाही. दारच लहान. आम्ही आहार, सराव, गोळ्याचे वजन यांच्या गप्पा मारत होतो आणि ती उन्हात तहानलेली गोळा लोटत होती. कणा दुखावलेल्याने पाणी कमी पिणे मूत्रपिंडाला किती घातक आहे ते डॉक्टरांना विचारा. तेव्हापासून सराव तासाभराचा केला आणि जागा बदलली. आता जातो तिथे जवळच एका ओळखीच्या बाईंचे तळमजल्यावरचे घर आहे. "केव्हाही आण तिला," असे त्या म्हणाल्या. आमच्या मते त्या बाईंनी एखाद्या क्रीडाखात्याएवढे काम केले.

कायद्याचेही सांगतो, कारण आपल्या हक्काची कलमे आपल्याला पाठ हवीत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 साली झाला. सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षण आहे, हे पुष्कळांना माहीत असते. पण त्याच कायद्यात तिसावे कलम खेळाचे आहे. दिव्यांगांना खेळात भाग घेता यावा यासाठी उपाय करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे ते सांगते. आम्ही एवढी वर्षे चळवळीत, तरी हे कलम आम्ही भाचीच्या त्या प्रश्नानंतरच उघडून वाचले. नोकरीचे कलम वाचले होते, खेळाचे ओलांडून गेलो होतो. खेळ म्हणजे पोट भरलेल्यांची चैन, अशी एक समजूत आमच्याही मनात कुठेतरी बसलेली असावी.

कोणी विचारेल, तुमची भाची पॅरालिम्पिकला जाणार का? आम्हाला माहीत नाही. बहुधा नाही. खर्च मोठा, वर्गीकरण, प्रशिक्षक, प्रवास, सगळेच पुढे आहे. एक-दोन स्पर्धांचे अर्ज आणले आहेत. पण पूर्वी तिच्याकडे आलेला माणूस विचारायचा, "कसं वाटतंय आता?" आता वस्तीतली पोरे विचारतात, "ताई, आज किती गेला?" या दोन प्रश्नांतला फरक ज्याच्या लक्षात आला, त्याला आमचा सगळा लेख समजला.

भाग्यश्री जाधव पॅरिसला पाचव्या आल्या, त्या रात्री पदकाच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. भारताला त्या स्पर्धेत एकोणतीस पदके मिळाली. सांगलीच्या आटपाडी तालुक्यातील सचिन खिलारी यांनी गोळाफेकीतच रौप्य आणले, त्यांचे अभिनंदन. पण आमच्या बहिणीच्या खोलीत पाचव्या क्रमांकाने जे काम केले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

तेव्हा वाचकांना एकच विनंती. आपल्या वस्तीत, आपल्या नात्यात अशी एखादी मुलगी, सून, बहीण घरात बसून असेल. तिचे कागद झाले असतील तर चांगलेच. नसतील तर आधी ते करा. पण तिथे थांबू नका. या रविवारी तिला मैदानावर न्या. गोळाच टाकला पाहिजे असे नाही. तिला तिथे काय करावेसे वाटते ते तिलाच विचारा. आणि फाटकाची पायरी व संडासाचे दार आधी जाऊन पाहून या, ते काम तिच्यावर टाकू नका.

भाचीने एक वही केली आहे. शाळेची अर्धी राहिलेली वही, मागच्या पानांवर तारखा आणि पुढे आकडे. पहिल्या दिवसापुढे लिहिले आहे, "खुर्ची पडली." दुसऱ्या रविवारी 1.85. काही आठवडे कोरे आहेत, ताप, पाऊस, मेव्हण्याची रात्रपाळी. शेवटची नोंद 3.12 आहे. त्याखाली तिने पेन्सिलीने 3.20 लिहून ठेवले आहे. अजून गेलेला नाही. पुढचा रविवार आहे.

जयभीम.